सर्वनाम कोणाच्या ऐवजीं?

आमच्या एका स्नेह्यांची कन्या यंदा सातव्या इयत्तेंत आहे. सहामाही परीक्षेंत 'सर्वनाम म्हणजे काय?' ह्या प्रश्नाच्या उत्तरापुढें तिला लाल शाईचें शून्य मिळालें, आणि ती उत्तरपत्रिका घेऊन ती डोळे पुशीत आमच्याकडे आली. तिनें लिहिलें होतें : 'पुस्तकांत सर्वनाम म्हणजे नामाऐवजीं येणारा शब्द असें दिलें आहे. पण दार वाजलें म्हणजे आई विचारते, कोण आहे? तेव्हां आईला नांव ठाऊक नसतें, म्हणूनच ती विचारते. मग कोण हा शब्द कोणाऐवजीं आला?' एवढ्यावर उत्तर संपलें होतें. बाईंनीं समासांत 'व्याख्या पाठ करणें' असा शेरा मारला होता.

आम्हीं ती उत्तरपत्रिका दोनदां वाचली. गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत भाषा आणि तर्कशास्त्र ह्यांच्या सीमेवरचे विषय शिकवीत आहों, व पदवीच्या वर्गांतसुद्धां इतका नेमका प्रश्न आम्हांस फार थोड्या वेळां ऐकावयास मिळाला आहे. शिक्षिकेला आम्ही दोष देत नाहीं. रात्रीं बसून पन्नास-साठ उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसानें पुस्तकाबाहेर जावें अशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें होईल. आमचें भांडण आहे तें त्या व्याख्येशीं. ही व्याख्या थोडीथोडकी नव्हे तर मुळापासून चुकीची आहे. आणि ती कां चुकीची आहे हें गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तर्कशास्त्रज्ञांनीं व भाषाशास्त्रज्ञांनीं इतक्या स्पष्टपणें दाखविलें आहे कीं, आतां ती मुलांकडून घोकून घेण्यास कोणतीच सबब उरलेली नाहीं.

प्रथम ह्या व्याख्येचें कूळ पाहूं. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या डायोनिशियस थ्रॅक्सच्या नांवावर जें ग्रीक व्याकरण मोडतें, त्यांत ह्या शब्दजातीला 'नामाच्या बदलीं येणारा' अशा अर्थाचें नांव आहे. रोमन लोकांनीं त्याचें शब्दशः लॅटिन केलें, 'प्रोनोमेन'. त्यापासून इंग्रजी 'प्रोनाउन' झाला. आणि मराठीचीं शालेय व्याकरणें इंग्रजी व्याकरणांच्या साच्यांत ओतलीं गेलीं तेव्हां ही व्याख्या आपल्याकडे आली. मौज अशी कीं, व्याख्या परकी घेतली तरी शब्द मात्र आपण आपलाच ठेवला, आणि त्या शब्दांत 'ऐवजीं' ह्या कल्पनेचा लवलेशही नाहीं. पाणिनीनें 'सर्व' ह्या शब्दापासून सुरू होणाऱ्या एका गणाला सर्वनाम ही संज्ञा दिली. सर्वांचें नांव, वाटेल त्याला लागूं पडणारें नांव, असाच तिचा अर्थ परंपरेनें लावला आहे. ही परंपरा किती सावध होती पाहा. एखाद्या माणसाचें नांवच 'सर्व' असेल तर काय करावें, असा प्रश्न वैयाकरणांनीं उपस्थित केला, व उत्तर दिलें कीं त्या वेळीं तो शब्द सर्वनाम नव्हे. चतुर्थींत त्याचें 'सर्वस्मै' होणार नाहीं, 'रामाय' ह्याप्रमाणें 'सर्वाय' होईल. अक्षरें तींच, परंतु नांव म्हणून वापरला कीं शब्दाची जात पालटली! नाम आणि सर्वनाम हे एकमेकांच्या जागीं बसणारे शब्द नसून दोन निराळ्या धंद्यांचे शब्द आहेत, हें ज्यांना दोन हजार वर्षांपूर्वीं दिसलें, त्यांच्या वारसांनीं आपल्या शब्दावर लॅटिन शब्दाचें भाषांतर चिकटवून तें शास्त्र म्हणून शिकवावें, ह्याला काय म्हणावें? सतराव्या शतकांत गदाधर भट्टाचार्यांनीं 'शक्तिवाद' ग्रंथांत 'तद्' ह्या शब्दाची शक्ति कशांत आहे ह्याचा पुष्कळ काथ्याकूट केला आहे. बोलणाऱ्याच्या बुद्धींत त्या वेळीं जें उपस्थित आहे त्याकडे 'तद्' बोट दाखवितो, ही त्या विचाराची दिशा. नव्यन्यायाची भाषा रुक्ष खरी, पण विचार आमच्या सातवीतल्या मुलीच्या बाजूचा आहे.

आतां व्याख्येची परीक्षा घेऊं. जो शब्द दुसऱ्याच्या ऐवजीं येतो, तो काढून मूळचा शब्द परत बसवितां आला पाहिजे. बदली शिक्षक गेला कीं मूळचा शिक्षक वर्गावर येतो तसें. 'मी' घ्या. अपघातांत स्मृति गेलेला मनुष्य इस्पितळांत शुद्धीवर आल्यावर 'मी कोण आहें?' असें विचारूं शकतो. त्याला स्वतःचें नांव ठाऊक नाहीं, पण 'मी' हा शब्द तो बिनचूक वापरतो. ज्या नामाचा त्याला पत्ता नाहीं त्याच्या ऐवजीं त्यानें हा शब्द योजला असें म्हणावयाचें काय? कायदा घ्या. 'जो कोणी चोरी करील त्याला अमुक शिक्षा होईल' ह्या घाटाचीं वाक्यें १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत जागोजाग होतीं, व १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही आहेत. ह्यांतील 'त्याला' हें कोणत्या चोराच्या नांवाऐवजीं आलें? चोराचें नांव घालाल तर तो कायदा राहणार नाहीं, निकालपत्र होईल. किंवा हें घरगुती वाक्य घ्या : 'प्रत्येक आईला वाटतें, आपलें मूल हुषार आहे.' 'आपलें' काढून नाम परत बसवूं : 'प्रत्येक आईला वाटतें, प्रत्येक आईचें मूल हुषार आहे.' असें वाटणारी आई आम्हांस तरी अद्याप भेटावयाची आहे.

परंतु ह्या सर्वांहून मोठा पुरावा आमच्या वाचकांच्या घरांतच आहे. निदान त्यांच्या आजीच्या घरांत तरी होता. आमच्या आजीनें साठ वर्षांच्या संसारांत आजोबांचें नांव उखाण्याबाहेर घेतलें नाहीं. 'हे अजून आले नाहींत', 'ह्यांना कढी चालत नाहीं', फार झालें तर 'इकडून सांगणें झालें होतें'. आतां सांगावें, हा 'हे' कोणत्या नामाच्या ऐवजीं? ज्या नांवाचा उच्चारच निषिद्ध, तें तिच्या बोलण्यांत कधीं आलेंच नव्हतें; मग त्याची जागा रिकामी होऊन तेथें दुसरा शब्द बसला हें म्हणणें म्हणजे कधीं न भरलेल्या पदावर बदलीचा मनुष्य नेमल्यासारखें आहे. आणि असें असूनही 'हे' म्हणजे कोण ह्याविषयीं घरांतल्या लहान पोरालाही संशय पडत नसे. शेजारच्या काकू येऊन ओट्यावर बसल्या, आणि 'हे उद्यां नाशकास जाणार' म्हणाल्या, कीं तोच शब्द निमूटपणें दुसऱ्या गृहस्थांकडे वळे. दोघी एकामागून एक 'हे' म्हणत, दोघींचे 'हे' निराळे, आणि तासभर चाललेल्या त्या संभाषणांत एकदांही घोटाळा होत नसे. नांवाच्या आधाराशिवाय, केवळ कोण बोलत आहे व कोणाविषयीं बोलणें चालू आहे एवढ्यावर, सर्वनाम आपला मनुष्य शोधून काढतें, ह्याचा ह्याहून सुंदर प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेंत झाला नसेल. ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या हें चाललें, त्याच समाजाच्या शाळांत 'नामाऐवजीं येणारा शब्द' ही व्याख्या पाठ करून घेतात!

ह्यावर कोणी म्हणेल, हीं सर्व आडवळणाचीं उदाहरणें झालीं. सरळ गोष्ट सांगतांना तरी सर्वनाम पुनरुक्ति टाळण्याकरितांच येतें कीं नाहीं? 'रामराव बाजारांत गेले. त्यांनीं भाजी घेतली.' येथें 'त्यांनीं' म्हणजे 'रामरावांनीं', दुसरें काय? हा आक्षेप वरून बिनतोड दिसतो, म्हणून त्याला उत्तर देणें प्राप्त आहे. सर्वनाम ही जर केवळ बदली असेल, तर मूळचें नाम तेथें निदान तितकेंच चांगलें काम करील. फार तर कानाला कंटाळवाणें होईल. पण १९९३ सालीं गॉर्डन, ग्रोझ व गिलियम ह्या त्रयीनें वाचकांवर प्रयोग करून पाहिलें, तेव्हां आढळलें कीं ज्याच्याविषयीं बोलणें चालू आहे त्याचें नांव पुढच्या वाक्यांत पुन्हां घेतलें तर वाचक अडखळतो. सर्वनाम असलेलें वाक्य तो लवकर वाचतो. 'रामराव बाजारांत गेले. रामरावांनीं भाजी घेतली.' हें वाचतांना क्षणभर वाटतें, हे दुसरे रामराव तर नव्हेत? 'तो' म्हणतो, चालू आहे तेंच चालूं द्या. नांव म्हणतें, जरा मान वर करून पाहा. ह्या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत.

ह्या आज्ञांचें शास्त्र कसें बनलें तें थोडक्यांत सांगतों. पीटर गीच ह्या इंग्रज तर्कशास्त्रज्ञानें १९६२ च्या आपल्या ग्रंथांत मध्ययुगीन पंडितांच्या चर्चेंतलें एक जुनें कोडें पुन्हां पुढें आणलें. त्याच्या वाक्यांत गाढव बाळगणारा मनुष्य व त्याचा मार खाणारें गाढव होतें; आम्ही त्याच्या जागीं बैल घेतों आणि माराच्या जागीं पोळा. 'ज्या शेतकऱ्याकडे एखादा बैल असतो, तो त्याला पोळ्याला सजवितो.' येथें 'त्याला' म्हणजे कोणाला? 'एखाद्या बैलाला' असें घालून पाहा : मग शेजाऱ्याचा बैल सजविला तरी वाक्य खरें ठरेल. 'त्या बैलाला' म्हणावें, तर 'त्या' कोठून आला? सर्वनामाला पुढच्या दारानें घालवून मागच्या दारानें आंत घेतलें, इतकेंच. ही अडचण शाळामास्तरांपुरती नव्हती. रसेलच्या परंपरेंतले तर्कशास्त्रज्ञही तींत सांपडले. त्यांच्या मतें 'एखादा बैल' म्हणजे 'असा एक बैल आहे कीं' ह्या अर्थाचें चिन्ह, व त्याची सत्ता त्याच्या पोटवाक्यापुरती. मग त्या हद्दीच्या बाहेर उभा असलेला 'त्याला' पोरका होतो. हद्द वाढवावी तर वाक्याचा अर्थच बदलतो, कारण मूळ वाक्य एका बैलाविषयीं नसून अशा प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्येक बैलाविषयीं आहे.

कोडें सुटलें तें प्रश्न बदलल्यावर. लौरी कार्टुनेन ह्या फिनिश पंडितानें १९६९ सालीं एका परिषदेपुढें विचारलें कीं, वाक्य खरें केव्हां होतें हें बाजूला ठेवा. वाक्य बोलून झाल्यावर पुढच्या बोलण्यासाठीं मागें काय शिल्लक राहतें? ह्याच धाग्यावर हान्स कॅम्पनें १९८१ सालीं, व त्याच्याहून स्वतंत्रपणें इरीन हाइम ह्या विदुषीनें १९८२ च्या आपल्या प्रबंधांत, एक नवीनच पद्धति उभी केली. कॅम्प चौकटी काढतो, हाइम ग्रंथालयांतल्यासारखीं कार्डें मांडते. मराठी वाचकाला खातेवहीची उपमा जवळची, म्हणून आम्ही ती वापरतों. ऐकणारा मनांत एक वही ठेवतो. 'एक ब्राह्मण होता' म्हटलें कीं नवें खातें उघडलें. 'तो गरीब होता' म्हटलें कीं त्याच खात्यावर नोंद झाली. अनिश्चित नाम खातें उघडतें. सर्वनाम खातें कधींच उघडीत नाहीं, उघडलेलें शोधून त्यावर नोंद करतें. आणि 'जर', 'नाहीं', 'प्रत्येक' अशा शब्दांच्या कक्षेंत जीं खातीं उघडतात, तीं पक्क्या वहींत न जातां कच्च्या वहींत जातात. तेवढें वाक्य संपलें कीं तें पान फाडून टाकावयाचें. पोळ्याच्या वाक्यांत बैलाचें खातें अशा कच्च्या पानावर उघडलें, आणि 'त्याला' हा शब्द तें पान हातांत असतांनाच आला. म्हणून सर्व सुरळीत झालें. 'तो पांढरा आहे' असें तुम्ही पुढच्या वाक्यांत म्हणाल, तर कोणता बैल असें ऐकणारा विचारील.

विशेषनामाची गोष्ट मात्र निराळी, आणि नाम-सर्वनामांचा भेद येथें स्पष्ट दिसतो. 'सदाशिवाकडे एकही गाय नाहीं. ती पांढरी आहे.' हें ऐकून कोणीही हंसेल. परंतु 'सदाशिवाकडे कपिला नाहीं. ती त्याच्या भावाकडे आहे.' ह्यांत खटकण्यासारखें कांहीं नाहीं. नकार दोन्हींकडे तोच. पण कपिला हें नांव आहे. तें 'नाहीं'च्या पोटांत उच्चारलें तरी त्याचें खातें पक्क्या वहीच्या पहिल्या पानावर पडतें, असा कॅम्पचा नियम आहे. नांव कोठेंही उच्चारा, स्वप्नांत, शर्तींत, नकारांत, तें आपल्या मालकापाशींच जाऊन उभें राहतें. १९७० सालच्या आपल्या व्याख्यानांत सॉल क्रिप्कीनें हेंच दुसऱ्या वाटेनें सांगितलें होतें : नांव म्हणजे वर्णनाचा संक्षेप नव्हे, एकदां बारसें झालें कीं तें तोंडातोंडीं पुढें जातें, व सांगणाऱ्याला त्या माणसाची माहिती असो वा नसो, तें त्याच माणसाचें राहतें. सर्वनामाचें बारसें कधींच होत नाहीं. 

येथें दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेतला पाहिजे. शाळेंतली व्याख्या सोडून द्यावयास तयार असलेले, पण सर्वनाम हें कशाच्या तरी ऐवजीं आलेंच पाहिजे हा हट्ट न सोडणारे, असे विद्वान आहेत. गॅरेथ इव्हान्स ह्या बुद्धिमान तत्त्वज्ञानें १९७७ पासून हा पक्ष मांडला. त्याच्या मतें अशा जागीं 'त्याला' म्हणजे 'त्याच्या मालकीच्या बैलाला'. म्हणजे सर्वनाम हें नामाऐवजीं नव्हे, तर लपलेल्या वर्णनाऐवजीं येतें. मत चतुर आहे, व त्याचे अभिमानी त्याची डागडुजी करून तें आजही चालवितात. पण बार्बरा पार्टी ह्या विदुषीच्या एका उदाहरणानें त्याच्या वर्मावर बोट ठेवलें आहे. तिच्या उदाहरणांत गोट्या आणि कोच होते. आम्ही चाव्या आणि कपाट घेतों. 'दहा चाव्यांपैकीं एक सांपडली नाहीं. ती कपाटाखालीं असेल.' हें ठीक. 'दहा चाव्यांपैकीं नऊच सांपडल्या. ती कपाटाखालीं असेल.' हें बिघडलें. दोन्ही ठिकाणीं माहिती तंतोतंत तीच. हरवलेली चावी एकच, तिचें वर्णन करणें दोन्हीकडे सारखेंच सोपें. मग 'हरवलेली चावी' ह्या वर्णनाच्या ऐवजीं 'ती' एका जागीं येतें आणि दुसऱ्या जागीं कां येत नाहीं? कारण पहिल्या वाक्यानें त्या एका चावीचें खातें उघडलें, दुसऱ्यानें नऊ चाव्यांचें उघडलें. हाइमच्या एका उदाहरणाच्या धर्तीवर आणखी एक : 'ह्या दुकानांत ज्यानें ज्यानें एक पणती घेतली, त्यानें तिच्याबरोबर आणखी आठ घेतल्या.' येथें 'तिच्या' म्हणजे 'त्यानें घेतलेल्या पणतीच्या' म्हणावें, तर नऊपैकीं कोणत्या? वर्णन हात टेकतें, आणि सर्वनाम मजेंत चालत राहतें.

आतां आमच्या मतें सर्वांत बिनतोड असें उदाहरण. अर्न्स्ट माख ह्या शास्त्रज्ञानें आपल्या संवेदनांवरील ग्रंथांत स्वतःचीच एक गंमत सांगितली आहे. रात्रभर आगगाडीचा प्रवास करून थकलेला तो एका बसगाडींत चढला. समोरून कोणी एक मनुष्य चढत असलेला त्याला दिसला, आणि मनांत आलें, काय हा गबाळा मास्तर! तो समोरचा मनुष्य म्हणजे आरशांतला माखच होता. ही हकीकत सांगणारीं तीन वाक्यें घ्या. 'माखला वाटलें, आपण गबाळे आहों.' हें साफ खोटें. 'माखला वाटलें, तो गबाळा आहे.' हें खरें. 'माखला वाटलें, माख गबाळा आहे.' हें खरें कीं खोटें, ह्यावर माणसें वाद घालीत बसतील. मनुष्य तिन्ही वाक्यांत एकच, नांव एकच. केवळ सर्वनाम बदललें आणि खऱ्याचें खोटें झालें. जर 'आपण' आणि 'तो' हे दोन्ही शब्द 'माख' ह्या नामाच्या ऐवजीं आले असते, तर हा फरक आला कोठून? इंग्रजींत ह्या अर्थाचा निराळा शब्दच नाहीं. त्यामुळें कास्तान्येदा ह्या तत्त्वज्ञाला १९६६ सालीं हा भेद दाखविण्याकरितां इंग्रजी सर्वनामावर तारका काढावी लागली. आपल्याकडे ती तारका 'आपण' ह्या शब्दांत आयतीच आहे! मेरी डॅल्रिंपल ह्या विदुषीच्या १९९३ सालच्या ग्रंथांत मराठीच्या 'आपण' आणि 'स्वतः' ह्यांचा सूक्ष्म विचार केलेला आढळतो. परक्या देशांतले पंडित आमचा 'आपण' भिंगाखालीं धरून पाहतात, आणि आमच्या पुस्तकांत त्याच्यापुढें 'आत्मवाचक' एवढा शिक्का मारून पान उलटतात.

आमच्या बाजूचें सर्वच गुळगुळीत आहे असें भासविणें अप्रामाणिकपणाचें होईल. नांव सदैव पहिल्या पानावर, हा कॅम्पचा नियम एका जागीं अडतो. 'मुलाचें नांव दगडू ठेवलें, तर शाळेंत मुलें दगडूला चिडवितील.' ह्या वाक्यांतला दगडू कोण? अजून कोणीच नाहीं. मूल जन्मास यावयाचें आहे, बारसें व्हावयाचें आहे. म्हणजे दगडूचें खातें कच्च्या पानावर उघडलें, आणि नांवानें सर्वनामाचा धंदा केला. बार्ट गर्ट्स ह्या डच पंडितानें १९९७ सालीं असलींच वाक्यें पुढें करून नियम दुरुस्त करावयास लावला. परंतु ह्यानें 'ऐवजीं'-वाद्यांना आनंद होण्याचें कारण नाहीं. येथें कोणी कोणाऐवजीं आलेंच असेल, तर नाम सर्वनामाच्या ऐवजीं आलें आहे! क्वाइननें १९४८ सालच्या आपल्या निबंधांत अर्धवट थट्टेनें सुचविलेंच होतें कीं, वस्तूंचा निर्देश करण्याचें मूळ साधन सर्वनाम हेंच असल्यामुळें नामांनाच 'सर्वनामांच्या बदलीं येणारे शब्द' म्हणावें.

दुसरी उणीव अशी कीं, कोणकोणतीं खातीं उघडीं आहेत एवढें कॅम्पची पद्धति सांगते; त्यांपैकीं बोलणाऱ्याला कोणतें अभिप्रेत आहे हें ती सांगत नाहीं. तो विचार ग्रोझ, वाइनस्टाइन व आपले अरविंद जोशी ह्यांनीं केला; जोशी हे १९२९ सालीं पुण्यास जन्मलेले व पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत नांव मिळविलेले संगणकशास्त्रज्ञ. संभाषणाच्या प्रत्येक क्षणीं एक वस्तु केंद्रस्थानीं असते, व सर्वनामाचा ओढा तिच्याकडे असतो, असें त्यांचें म्हणणें. त्यांचा विस्तृत निबंध १९९५ सालीं छापून आला. मराठींत ह्या कामीं आदरार्थी बहुवचनही हातभार लावतें. 'मास्तरांनीं बाळूला घरीं पाठविलें, कारण ते कंटाळले होते' आणि 'कारण तो कंटाळला होता' ह्यांतला भेद मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाहीं. इंग्रज मुलाला तो संदर्भावरून ओळखावा लागतो.

मग मुलांना शिकवावें काय? हान्स कॅम्पच्या चौकटी सातवींत काढाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. 'ज्याच्याविषयीं बोलणें चालू आहे, जो समोर आहे, किंवा ज्याचा आपण शोध करीत आहों, त्याच्याकडे नांव न घेतां बोट दाखविणारा शब्द' एवढें सांगितलें तरी 'कोण', 'जो', 'मी', 'हे' ह्या सर्वांना घरांत जागा मिळते. ही व्याख्याही कोठेंतरी गळेल. गळली तर मुलांनींच ती गळती दाखवावी, व त्याबद्दल त्यांना गुण द्यावे. हें आम्हीं त्या मुलीच्या वडिलांना सांगितलें. ते हंसून म्हणाले, 'प्रोफेसरसाहेब, गुण आपण देणार आहां काय?' त्यावर आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. गेल्या आठवड्यांत सराव परीक्षेंत तोच प्रश्न पुन्हां आला. मुलीनें पुस्तकांतली व्याख्या जशीच्या तशी लिहिली, आणि तिला दोनपैकीं दोन गुण मिळाले.